एकशे चाळीसच्या आत

घड्याळ परत नेऊन द्यायचं, रजिस्टरात सही करायची आणि घरी यायचं, एवढंच काम उरलं होतं. ते अजून उरलेलंच आहे. का, ते सांगते. पण मधूनच सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बावीस वर्षं झाली. "पुढे व्हा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, सोडा" हे मी झोपेतही बडबडते असं नवरा म्हणतो. या कामात मशीन बिघडलं तर माणूस येऊन दुरुस्त करून जातो. खरी भीती असते ती नावाची. एकाच्या छातीवर दुसऱ्याचं नाव पडलं, की भलत्यालाच औषध मिळतं आणि ज्याला हवं तो तसाच घरी जातो. नवीन असताना माझ्या हातून एकदा असं झालं होतं. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला नाव दोनदा विचारते. लोक वैतागतात. वैतागू देत.

तर यंदा आमच्या हॉस्पिटलला आरोग्याची उबळ आली. सगळ्या कर्मचाऱ्यांना मनगटावर बांधायची घड्याळं वाटली. साधीसुधी नव्हेत, पळणाऱ्यांची. तुम्ही कुठून कुठे गेलात, किती वेगाने गेलात, हे ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून नकाशावर लाल रेघेने काढतं. पाठीला हिरवा दिवा असतो, तो कातडीवर टेकला की हृदयाचे ठोके मोजतो. सहा आठवड्यांची स्पर्धा, विभागवार. कोणत्या विभागाचे किलोमीटर जास्त, ते दर सोमवारी फळ्यावर लागणार.

आमच्या विभागात चार माणसं. तिघं उत्साही, आणि चौथी मी. लिफ्ट बंद असली तर रजा टाकावी का, असा विचार करणारी बाई मी! पहिल्या सोमवारी आम्ही तळाला. रक्त काढणारी पोरगी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "एक्स-रेवाल्यांना उभं राहून श्वास रोखता येतो, तेवढाच त्यांचा व्यायाम." सगळे हसले, आमच्या विभागप्रमुख मॅडमसुद्धा. मला ते लागलं.

घरी भाऊजी होते. म्हणजे माझे दीर, नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत, आमच्याकडेच राहतात. पळणं हा त्यांचा प्राण. चार महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि हृदयाच्या स्नायूला सूज आली. त्यांच्या छातीचा एक्स-रे मीच काढला होता. हृदयाची सावली जिथे संपायला हवी तिथे संपत नव्हती. ते चित्र मी पाहिलं आणि तसंच उचलून डॉक्टरांकडे धावले. भाऊजी वाचले. पण डॉक्टरांनी पळणं बंद केलं. त्या रागात त्यांनी स्वतःचं घड्याळ एका मित्राला देऊन टाकलं आणि तोंड फिरवून पडून राहिले. तीन महिने तो माणूस धड जेवला नाही की कुणाशी दोन शब्द बोलला नाही.

मग डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू पळा, पण ठोके एकशे चाळीसच्या आत. मनगटावर घड्याळ बांधूनच पळा. एकशे चाळीसच्या वर गेलं की थांबा.

आयती सोय झाली. मी माझं घड्याळ त्यांच्यापुढे धरलं.

"वहिनी, हे तुझ्या नावावर आहे ना?"

"नाव माझं, पाय तुमचे. तुम्ही नाहीतरी पळणारच. आमच्या फळ्यावर चार किलोमीटर चढले तर कुणाचं काय बिघडतंय?"

त्यांना हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी घड्याळात एकशे चाळीसचा इशारा लावला. ठोके त्याच्या वर गेले की घड्याळ वाजणार आणि मनगटावर थरथरणार. नाव, वय, वजन माझंच राहू दिलं, नाहीतर किलोमीटर त्यांच्या नावावर गेले असते. पेशंटला दोनदा नाव विचारणारी मी, तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही.

दोन आठवडे छान गेले. भाऊजी पावणेसहाला निघायचे, पावणेसातला घामाघूम होऊन यायचे. मग चहा पिता पिता फोनवर दोघं मिळून रेघा बघायचो. आमचा विभाग तिसरा आला. रक्तवाली गप्प झाली. आणि भाऊजींचा चेहरा उजळत चालला.

"बघ ना, आजारपणाच्या आधी होता तोच वेग आलाय," ते म्हणाले. "आणि ठोके किती, तर ऐंशी! टेकडीच्या चढावरसुद्धा! पूर्वी याच चढावर एकशे साठ व्हायचे. हृदय पहिल्यापेक्षा दणकट झालंय, वहिनी."

"दम लागतो का?"

"थोडा लागतो. पण घड्याळ म्हणतंय ना, ठीक आहे."

पळणाऱ्यांचं हे असंच असतं. छाती काय म्हणते ते ऐकायचं नाही, मनगटाला विचारायचं. पाच आठवड्यांनी एकवीस किलोमीटरची शर्यत होती. त्यांनी मला न विचारता नाव नोंदवून टाकलं.

त्या बुधवारी सकाळी आमच्या ओट्याखालून उंदीर निघाला. मी किंचाळून स्टुलावर चढले आणि उंदीर तिथेच फतकल मारून बसला. मला खाली उतरवेना. समोर नाकाला नाक लावून भिंतीवरचं घड्याळ. सहा अठरा ते सहा सव्वीस, आठ मिनिटं मी त्या काट्यांकडे बघत उभी होते. नवरा आंघोळीला गेलेला, हाका ऐकू जाईनात. शेवटी उंदीरच कंटाळून गेला.

भाऊजी आले. चहा झाला. फोनवर ठोक्यांची रेघ बघितली. पंचाहत्तर, शहात्तर असं सपाट चाललेलं, आणि मध्येच एकदम एकशे एकतीस. सहा अठराला वर गेलेलं, सहा सव्वीसला खाली आलेलं.

"सहा अठराला तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"पुलाच्या उतारावर. सगळ्यात सोपा भाग. का गं?"

"काही नाही... सहज."

योगायोग असेल, म्हटलं. पण बावीस वर्षं मशीनसमोर काढलेल्या बाईला योगायोग पचत नाही. शुक्रवारी मी मुद्दाम करून पाहिलं. सहा दहाला चार मजले दोनदा चढून आले, धापा टाकत. मग सहा पंचविसाला पलंगावर डोळे मिटून पडले, अंग सैल सोडून. भाऊजी आल्यावर त्यांच्याआधी मी फोन उघडला. सहा दहाला शिखर, एकशे छत्तीस. सहा पंचविसाला दरी, चौसष्ट. आणि नकाशावर पाहिलं तर सहा पंचविसाला ते टेकडीचा चढ चढत होते, तोही जोरात.

स्वयंपाकघरात मी एकटीच होते. बाहेर उजाडलेलं, नळाला पाणी आलेलं, बाजूच्या घरात रेडिओ चालू. घाबरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. तरी माझ्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं. घड्याळ त्यांच्या हातावर होतं, त्यांच्या घामात भिजत होतं, आणि मोजत होतं मला. नाव माझं होतं ना त्यात!

शनिवारी भाऊजींचा सुट्टीचा दिवस. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग मी हसत नाही हे बघून थांबला.

"सेन्सर खराब असेल. बदलून घे सोमवारी."

"आणि त्यांना सांगू का?"

"काय सांगणार? तुमच्या हातात माझं काळीज वाजतंय म्हणून? चार महिन्यांनी माणूस हसायला लागलाय. शर्यतीचं त्याच्या डोक्यातून काढलंस तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. दोन दिवस थांब."

मी थांबले. खोटं कशाला बोलू, फळ्यावरचा तिसरा नंबरही मनात होता.

रविवारी जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. घर शांत होतं. भाऊजींच्या खोलीचं दार उघडं, बूट जागेवर नाहीत. रविवारी ते लांब पळायचे. आज अठरा, असं काल जेवताना म्हणाले होते. पाचलाच निघाले असणार. मी पाणी प्यायला गेले. पेला तोंडाशी नेला आणि तसाच राहिला.

शुक्रवारपासून मी एवढाच विचार करत होते, की माझे ठोके तिकडे कसे गेले. दुसरी बाजू डोक्यात आलीच नव्हती. घड्याळ मला मोजतंय, तर भाऊजींना कोण मोजतंय? त्यांचा इशारा वाजणार कसा? मी झोपले होते. माझे साठ ठोके बघून ते वेग वाढवत असणार. आपलं हृदय दणकट झालंय असं समजून. एक तासापासून.

मी नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं. भाऊजींना फोन लावला, तर तो त्यांच्या उशाशीच वाजायला लागला. पळताना ते फोन नेत नाहीत, वजन होतं म्हणे. नवरा तसाच स्कूटरची किल्ली घेऊन धावला.

"कुठल्या रस्त्याने गेला असेल?"

"पूल, नाहीतर कालव्याचा, नाहीतर खाणीचा... मला काय माहीत! तिन्ही बघ!"

तो गेला. मी दारात उभी. छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीनेच मला सुचलं. मी मानेवर दोन बोटं ठेवली आणि मोजले. एकशे बारा. पुरत नव्हते.

मी जिन्याकडे धावले.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. खाली उतरायचं, वर चढायचं. पहिल्या फेरीला एकशे तीस. दुसऱ्या फेरीला पाय भरून आले. तिसऱ्या फेरीला वर पोचले, मानेवर बोटं ठेवली, एकशे शेहेचाळीस. बरोबर. आता कुठेतरी कुठल्यातरी रस्त्यावर ते घड्याळ वाजत असेल. ते थांबतील. पण मी थांबले तर आकडा खाली येईल, आणि आकडा खाली आला की ते पुन्हा पळतील. इशारा पाळायची रीत त्यांनी तो लावतानाच मला सांगितली होती. वाजलं की थांब, थांबलं की पळ. म्हणजे मला थांबता येणार नव्हतं.

जिन्यात फिनेलचा वास होता. माझ्या चपलांचा फटफट आवाज आणि माझा श्वास, बाकी काही नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दार उघडून डोकावले.

"काय हो, आग लागली का?"

मी हात हलवला. बोलायला दमच नव्हता. पाचव्या फेरीला ते पुन्हा दारात. सातव्या फेरीला पाण्याचा पेला घेऊन उभे होते. मी तो घेतला नाही. गाऊन गुडघ्यात अडकत होता म्हणून एका हाताने वर धरला, दुसरा हात कठड्यावर. अकराव्या फेरीला पायरी चुकली आणि गुडघा फुटला. मी रडत होते. दुखलं म्हणून नाही. त्यांच्या छातीचं ते चित्र डोळ्यासमोरून हलत नव्हतं. माझ्या हाताने काढलेलं.

सतराव्या फेरीला नवऱ्याचा फोन आला.

"सापडला. खाणीच्या रस्त्यावर, कठड्यावर बसलाय. तोंड पांढरं पडलंय. रुग्णवाहिका बोलावलीये. तू सरळ हॉस्पिटलातच ये."

"श्वास चालू आहे ना... बोलतायत ना?"

"बोलतोय. घड्याळाला शिव्या देतोय."

मी पायरीवरच बसले.

हॉस्पिटलात त्यांचा एक्स-रे मीच काढला. नाव दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा सांगितलं, डोळे मिटून. सावली पुन्हा रुंदावली होती, पण थोडी. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन किलोमीटर पळाले असते तर रस्त्यातच संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात भाऊजी बोलले. "घड्याळ वाजायलाच लागलं गं. थांबलो, तरी वाजतंय. चालायला लागलो, तरी वाजतंय. बसलो, तरी एकशे पासष्ट! बिघडलंय म्हणून काढून फेकणार होतो. पण बसलो ना, तेव्हा कुठे कळलं की छातीत दुखतंय. पळताना कळलंच नव्हतं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं.

"किती वेळा चढलीस?"

"सतरा."

"तुला तर मुळीच सवय नाही..." एवढं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. मलाही सोडवून घ्यावासा वाटला नाही.

मॅडमना मी खरं काय ते सांगितलं. घड्याळ दिरांच्या हातावर होतं, किलोमीटर खोडा. त्या रागावल्या, पण खोडले. आम्ही पुन्हा तळाला. भाऊजी पंधरा दिवसांनी घरी आले. स्पर्धा संपली, आणि नोटीस लागली: आपापलं नाव आणि माहिती पुसून घड्याळं सोमवारी परत करावीत.

शनिवारी संध्याकाळी मी ते काम केलं. नाव पुसलं, वय पुसलं, वजन पुसलं, सगळ्या रेघा, सगळे इशारे पुसले. घड्याळ कोरं झालं. घालायला डबी सापडेना, म्हणून जेवणाच्या टेबलावरच ठेवलं, पट्टा मिटून. विषय संपला असं मला मनापासून वाटलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

रविवारी माझी सकाळची ड्युटी होती. पाच चाळीसला उठून बाहेर आले तर टेबलाच्या लाकडावर हिरवा उजेड पडला होता. घड्याळाच्या पाठीचा दिवा चालू होता. कुणाच्याही कातडीला न टेकता. उचलून पाहिलं. चौऱ्याहत्तर.

मी मानेवर बोटं ठेवली. अडुसष्ट. आत जाऊन झोपलेल्या नवऱ्याच्या मनगटावर ठेवली. साठ. भाऊजींच्या दाराशी उभी राहिले, मग धीर करून आत गेले. ते जागे झाले.

"काय गं वहिनी?"

"काही नाही. हात द्या." बहात्तर. माझ्या दुसऱ्या हातात घड्याळ होतं, त्यावर तोवर एकशे सहा झाले होते. भाऊजी माझ्याकडे बघत होते, मी घड्याळाकडे. एकशे एकवीस. एकशे चौतीस. कुणीतरी पळत होतं.

मी जिना चढून पाहिला, दोनदा, नुकत्याच भरलेल्या गुडघ्याने. आकड्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो आपला वर चालला होता. एकशे एकोणसाठ. मग मी गाऊनवरच रस्त्यावर गेले. त्या वेळी आमच्या रस्त्याने पळणारे बरेच जातात. मी एकेकाला अडवलं. "जरा थांबा... हात बघू द्या." एक बाई थांबली, बिचारीने हात पुढे केला. एकशे बेचाळीस. घड्याळात एकशे अठ्ठ्याहत्तर. एक म्हातारे थांबले, एकशे दहा. बाकीचे मला वळसा घालून गेले. एका मुलाने कानातली बोंडं काढून विचारलं, "काय झालं, कुणी हरवलंय का?"

सहा बत्तीसला आकडा एकशे त्र्याण्णव झाला. मग आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. दिवा विझला.

भाऊजी मला हाताला धरून वर घेऊन आले. मी ड्युटीवर गेले. दिवसभर दर पेशंटला नाव तीनदा विचारलं. तातडीच्या विभागात एखादा पळणारा आला का, असं चौकशीच्या खिडकीवर दोनदा विचारून आले. आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. पण शहरात आमचं एकच हॉस्पिटल आहे असं थोडंच आहे?

सोमवारी पहाटे मी आणि भाऊजी दोघंही साडेपाचला टेबलाशी येऊन बसलो. घड्याळ मध्ये होतं. पाच बेचाळीसला लाकडावर हिरवा उजेड पडला. चोपन्न. कालचं हृदय सुरुवातीलाच चौऱ्याहत्तरवर होतं. हे त्याच्यापेक्षा खूप हळू, सवयीचं, कमावलेलं.

"हे दुसरंच कुणीतरी आहे," भाऊजी हळूच म्हणाले.

आम्ही बघत बसलो. सहा वाजून दोन मिनिटांनी ते पळायला लागलं.